टोमॅटोची जात न विचारता कात्री चालवणाऱ्यांनो, जरा थांबा



गेल्या पंधरा दिवसांत चौघांनी फोन करून मला एकच प्रश्न विचारला. "भाऊ, टोमॅटोची बगलफूट सगळी काढायची का?" मी चौघांनाही उलटा प्रश्न केला, "जात कोणती लावलीय?" दोघांना नाव सांगता आलं. दोघं म्हणाले, नर्सरीवाल्यानं दिली ती लावली. पण त्या झाडाचा शेंडा पुढं थांबतो का चालूच राहतो, हे एकालाही सांगता आलं नाही. आणि एकानं तर फोन लावायच्या आधीच अर्धा प्लॉट सोलून ठेवला होता. मग मला कशाला विचारतो बाबा? आता झाडालाच विचार.

आपल्याकडं माणसाची जात विचारायला लोक पुढं असतात, जिथं विचारायचं काम नाही तिथं विचारतात. टोमॅटोची जात विचारायची असते, ती मात्र कोणी विचारत नाही.

म्हणून आज जरा कडक लिहितोय. राग कुणा एकावर नाही. थोडा माझ्यावरच आहे, ते पुढं सांगतो.

सध्या मोबाईल उघडला की एकच दिसतं. कोणीतरी हातात कात्री घेऊन टोमॅटोच्या झाडापुढं उभा, आणि खाली लिहिलेलं की सगळी बगलफूट काढा, एकच खोड ठेवा, खालची पानं उडवा, उत्पन्न दुप्पट. जुलै २०२३ मध्ये टोमॅटो शहरात शंभर रुपये किलोच्या वर गेला. त्याच्या आधी उन्हाळ्यात भाव नाही म्हणून लोकांनी उभे प्लॉट सोडून दिले होते, ते सगळे विसरले. लक्षात राहिला तो शंभरचा भाव. तेव्हापासून ज्यानं कधी टोमॅटो लावला नाही तोही लावायला लागला, आणि तेव्हापासूनच हे कात्रीवाले व्हिडिओ जास्त फिरतायत, हे माझं बघणं आहे. आमच्या सावेडीत आता शेत कमी आणि फ्लॅट जास्त. पाईपलाईन रोडच्या गच्च्यांवरसुद्धा ड्रममध्ये टोमॅटो आहे आणि तिथंही कात्री चालू आहे.

आता ही एका खोडाची पद्धत आली कुठून ते बघा. हॉलंडमध्ये काचेच्या घरात टोमॅटो घेतात. तिथली जात अशी की शेंडा थांबतच नाही. झाड दोरीवर चढवतात, वर पोचलं की दोरी सैल करून खाली घेतात, आणि कित्येक महिने तोडा चालतो. बाहेर ऊन कमी, आत हवा कंट्रोलमध्ये. तिथं पानं काढून फळाला उजेड द्यावा लागतो. इंग्लंडात लोक परसात टोमॅटो लावतात, त्यांचा उन्हाळा छोटा. थंडी यायच्या आधी फळ पिकावं म्हणून ते चार-पाच झुपके झाले की शेंडा खुडतात. त्यांचं त्यांच्या जागी बरोबर आहे. मी त्यांना चूक म्हणत नाही.

पण मला सांगा, एप्रिलमध्ये नगरला ऊन कमी पडतं का? आपला जिल्हा पर्जन्यछायेतला. चैत्र-वैशाखात दुपारी बारा ते चार कुत्रंसुद्धा सावली सोडत नाही. तिथं तुम्ही टोमॅटोच्या फळावरची सावली काढून फेकता. कशासाठी? तर व्हिडिओत तसं सांगितलं म्हणून.

आता माझी गोष्ट. गेल्या उन्हाळ्यात मी बारा गुंठे टोमॅटो लावला. फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात लागण. पाच फुटांवर बेड, दीड फुटावर रोप, ठिबक, मल्चिंग. एकूण सव्वीस सऱ्या. जात संकरित, पण थांबणारी. म्हणजे शेंड्यावर झुपका आला की ते खोड पुढं वाढत नाही. हे मला तेव्हाच माहीत होतं असं खोटं सांगणार नाही. रोपं नर्सरीतनं आणली. पावतीवर फक्त नाव आणि नग. पाकीट मी पाहिलंसुद्धा नाही.

एप्रिलच्या सुरवातीला पुतण्यानं व्हिडिओ दाखवला. त्याच आठवड्यात औषधाच्या दुकानात बसलेल्या एका सल्लागारानंही तेच सांगितलं, "काका, एकच खोड ठेवा, फळाला साईज येईल." साईज म्हणलं की आपला जीव लगेच वितळतो. मी बायका लावल्या. बगलफूट काढली, गुडघ्याच्या वरपर्यंत पानं काढली. आमच्याकडं वर्षानुवर्षं कामाला येणाऱ्या मावशी आहेत. त्यांनी पहिल्याच सरीत हात थांबवला आणि म्हणाल्या, "दादा, फळं उघडी पडत्यात की. सावली काढताय व्हय?" मी म्हणलं, "मावशी, आता नवी पद्धत आहे." मावशी गप बसल्या. मालक म्हणतोय म्हणल्यावर त्या काय बोलणार?

दुसऱ्या दिवशी दुपारनंतर दोघीजणी लग्नाला गेल्या, म्हणून कडेच्या चार सऱ्या तशाच राहिल्या. नंतर माझंही दुर्लक्ष झालं. त्या चार सऱ्यांनी मला शहाणं केलं.

आठ दिवसांत सोललेल्या सऱ्यांत फळावर पांढरे चट्टे दिसायला लागले. सऱ्या दक्षिणोत्तर, त्यामुळं पश्चिमेच्या बाजूनं जास्त. दुपारचं ऊन थेट फळावर. आधी पिवळट, मग पांढरं, मग ती जागा कागदासारखी पातळ होऊन आत बसते, आणि तिथंच बुरशी धरते. हा रोग नाही. औषध मारून जात नाही. मी मात्र घाबरून एक फवारा मारला, तेही पैसे गेले.

हिशोब सांगतो, कारण हिशोबाशिवाय बोलणं म्हणजे नुसत्या गप्पा. न सोललेल्या चार सऱ्यांतून सगळे तोडे मिळून ३४ क्रेट निघाले, त्यातले ३ खराब. त्यांच्या शेजारच्या सोललेल्या चार सऱ्यांतून २१ क्रेट, त्यातले ७ खराब. क्रेट २० किलोचं. म्हणजे चांगला माल एकीकडं ३१ आणि दुसरीकडं १४. फळाची साईज? सोललेल्या झाडाचं फळ थोडं मोठं होतं, हे खरं आहे, लपवत नाही. पण मोठ्या फळावर चट्टा असला तर व्यापारी ते हातात पण घेत नाही. बावीस सऱ्या सोलल्या होत्या. धरा नव्वद-पंच्याण्णव क्रेटचा फटका. मला सरासरी अडीचशेचा भाव मिळाला, म्हणजे तेवीस हजारांच्या आसपास गेले. बायकांची दोन दिवसांची मजुरी वेगळी. पैसे देऊन मी माझंच नुकसान करून घेतलं.

आता कारण समजून घ्या, नुसता अनुभव ऐकू नका.

टोमॅटोचे ढोबळ दोन प्रकार. एक वाढत राहणारा, पुस्तकात त्याला अमर्यादित वाढीचा म्हणतात. त्याचं खोड वर वर जात राहतं, तीन पानं आणि एक झुपका, परत तीन पानं आणि एक झुपका. जुनी पुसा रुबी ह्यातली. दुसरा थांबणारा, मर्यादित वाढीचा. त्यात झुपक्यांमध्ये एक-दोनच पानं असतात आणि शेवटी शेंड्यावरच झुपका येऊन खोड बंद होतं. पुसा अर्ली ड्वार्फचं तर नावच बुटकं. मधले पण आहेत, बंगळुरूचा अर्का रक्षक हा अर्धा थांबणारा.

आता डोक्यानं विचार करा. थांबणाऱ्या झाडाचं मुख्य खोड थोड्याच झुपक्यांवर बंद होतं. मग पुढचं फळ कुठं येणार? बगलफुटीवर. तीच बगलफूट तुम्ही "फुकट अन्न खाते" म्हणून मोडून टाकली, तर तुम्ही फळच मोडलं. आणि पान म्हणजे झाडाचं स्वयंपाकघर. चूल विझवायची आणि ताट मोठं मागायचं, हा कुठला न्याय?

वाढत राहणाऱ्या झाडाचं उलटं. त्याची बगलफूट मोकळी सोडली तर प्रत्येक फूट स्वतःच खोड होऊन बसते, दाटी होते, आत हवा खेळत नाही, करपा येतो, फवारा आतपर्यंत पोचत नाही. तिथं एक किंवा दोन खोडांवर झाड ठेवणं योग्यच आहे. शेडनेट-पॉलिहाऊसवाल्यांनी तसंच करावं. माझ्या घरामागं मालकिणीनं पाच झाडं ड्रममध्ये लावलीत, सुतळीवर चढवून छज्जापर्यंत नेलीत, दोन-दोन खोडांवर. झकास आहेत. पण तिथं दुपारनंतर भिंतीची सावली येते आणि जात वाढत राहणारी आहे. तिचं बघून मी शेतात तेच केलं असतं तरी फसलोच असतो.

आता दुसऱ्या बाजूला पण दोन शब्द. काही जुनी मंडळी हे वाचून खूश होतील. "बघा, आम्ही म्हणतच होतो, आमच्या वाडवडिलांनी कधी कात्री लावली नाही." थांबा. वाडवडिलांचा गावरान टोमॅटो जमिनीवर लोळायचा. खालची निम्मी फळं ओल्या मातीला लागून सडायची, अळी पोखरायची. घरी खायला आणि वाटायला चालायचं, क्रेट भरायला चालत नाही. झाडाला काहीच न करणं ही नैसर्गिक शेती नाही. त्याला आळस म्हणतात.

मला सगळ्यात जास्त चीड कशाची येते सांगू? लोक बांधणीला कंजूस आणि कात्रीला उदार झालेत. बांबू कमी, तार एकच, सुतळी हात राखून. आणि झाड आडवं पडल्यावर बायका लावून फुटवे काढतात. अहो, छाटणीच्या आधी बांधणी येते. नीट बांधलेलं झाड स्वतःच हवेशीर राहतं, निम्मी छाटणी तिथंच वाचते.

मी आता काय करतो ते लिहितो. पटलं तर घ्या.

१) रोप दीड फुटाचं व्हायच्या आत बांबू आणि पहिली तार उभी. झाड पडल्यावर उचलायचं नाही. उचललं की खोड चिरतं, फुलं झडतात.

२) सुतळी खोडाला आवळायची नाही. आठच्या आकड्यासारखा सैल फास. खोड पुढं जाड होतं, आवळलेली सुतळी त्याच्यात रुतते आणि वाऱ्यात तिथूनच मोडतं.

३) पहिल्या झुपक्याच्या खालची फूट काढायची, जात कोणतीही असो. थांबणाऱ्या जातीत झुपक्याच्या लगेच खालची एक जोमदार फूट मात्र ठेवायची. त्याच्या वर थांबणाऱ्या जातीला हात लावायचा नाही.

४) जमिनीला टेकणारी, पिवळी, करप्याचे गोल गोल ठिपके असलेली पानं काढायची. जमिनीपासून फूटभर मोकळं ठेवलं की पाण्याचा शिंतोडा पानावर उडत नाही, आणि करपा खालून वर चढतो तो थोपतो. पण फळाच्या वरचं हिरवं पान काढायचं नाही. उन्हाळी लागणीत पश्चिमेच्या बाजूचं तर अजिबात नाही.

५) फूट दोन-तीन इंचाची असतानाच बोटानं मोडायची. मोठी झाल्यावर काढली तर जखम मोठी होते, आणि झाडानं तिच्यावर घातलेलं अन्नही वाया जातं.

६) दव असताना किंवा पाऊस उघडल्या उघडल्या झाडात शिरायचं नाही. ओल्या झाडात हात फिरवला की जिवाणूचे ठिपके आपणच सरीभर वाटतो. ऊन पडून पान कोरडं झाल्यावर काम.

७) आणि हात. ह्यावर वेगळं लिहितो.

२०२० चा मे महिना आठवा. लॉकडाऊन चालू, आणि आपल्याच जिल्ह्यात संगमनेर-अकोल्याकडं, तिकडं पुणे जिल्ह्यातही, टोमॅटोवर पिवळे-लाल चट्टे पडायला लागले. फळ सारखं पिकेना. टीव्हीवाल्यांनी त्याला तिरंगा व्हायरस म्हणलं, आणि लोकांना वाटलं की टोमॅटो खाल्ला की माणूस आजारी पडतो. आधीच बाजार बंद, त्यात ही अफवा. नमुने बंगळुरूच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेत गेले, आणि त्यात मुख्य सापडला तो काकडीवरचा मोझॅक विषाणू, सीएमव्ही. झाडाचा विषाणू, माणसाला त्याचं काही होत नाही. पण झाडाला होतं. तो मावा पसरवतो, आणि झाडाच्या रसातूनही जातो. तंबाखू-टोमॅटोवरचा दुसरा मोझॅक तर हातावरून, कात्रीवरून, कपड्यावरूनच जास्त फिरतो.

आता बगलफूट काढणं म्हणजे काय? एका झाडाचा रस हाताला लावून दुसऱ्या झाडाची ताजी जखम शिवणं. दिवसभर, हजार झाडांना. त्यात आपली सवय अशी की बांधावर बसून तंबाखू मळायची, हात झटकायचा आणि परत सरीत शिरायचं. वाळलेल्या तंबाखूतही तो विषाणू टिकून राहतो. म्हणजे पुडी खिशातली आणि रोग प्लॉटमधला. बायकांना नावं ठेवू नका, मालक लोकांचंच प्रमाण जास्त आहे. मी स्वतः मळत होतो. टोमॅटोच्या प्लॉटमध्ये आता बंद केलंय, बाकी ठिकाणचं मला विचारू नका.

उपाय महागडा नाही. बांधावर पाण्याची बादली आणि साबण. रोगट वाटलेलं झाड मधेच शिवायचं नाही, त्याला खूण करून शेवटी उपटायचं. रोपवाटिकेत हाताळताना आणि छाटणी करताना हात पातळ दुधात बुडवायची पद्धतही आहे, दुधानं तंबाखूच्या मोझॅकचा जोर कमी होतो. आणि हेही लक्षात ठेवा, पानं गोळा होणारा लीफ कर्ल पांढऱ्या माशीनं येतो, शेंडा करपणारा फुलकिड्यानं. ते हात धुऊन जाणार नाहीत. प्रत्येकाचं कारण वेगळं, उपाय वेगळा.

आता कृषी खात्यातल्या, विद्यापीठातल्या आणि कंपन्यांतल्या साहेब लोकांना विनंती. विनंती म्हणतोय, पण तक्रार समजा.

राहुरीचं विद्यापीठ १९६८ पासून आमच्या शेजारी आहे. धनश्री, भाग्यश्री, फुले राजा तिथूनच आले. साहेबांचा अभ्यास मोठा आहे, मी दहावी पास माणूस. पण साहेब, बियाण्याच्या पाकिटावर उगवण किती टक्के ते असतं, शुद्धता असते, लॉट नंबर असतो, तारीख असते, विषारी औषध लावलंय ते लाल अक्षरात असतं. हे झाड थांबणारं आहे का वाढत राहणारं, हे एका ओळीत मराठीत मोठ्या अक्षरात छापायला काय जातं? बियाणे कायदा १९६६ चा आहे. तेव्हा शेतकरी बी घरचं धरायचा, त्याला झाड माहीत असायचं. आता आम्ही पाकीटसुद्धा बघत नाही, ट्रेमधलं रोप उचलतो. म्हणून नर्सरीच्या पावतीवर पण हीच ओळ पाहिजे. जातीचं नाव, पेरणीची तारीख, वाढ थांबणारी का चालू राहणारी. तीन गोष्टी. ह्याला संशोधन लागत नाही, एक शिक्का पुरतो.

आणि सल्ला देणाऱ्यांनो, दुकानात असा, मोबाईलवर असा, नाहीतर माझ्यासारखे पेजवर लिहिणारे असा. "बगलफूट काढा" हे अर्धं वाक्य आहे. कोणत्या जातीची, कोणत्या महिन्यात, उघड्यावर का नेटमध्ये, हे जोडल्याशिवाय ते बोलायचं नाही. डॉक्टर पेशंट न बघता गोळी देत नाही, आणि दिली तर आपण त्याला शिव्या घालतो. मग झाड न बघता कात्री सांगणाऱ्याला लाईक कशापाई देता?

कोणी म्हणेल, भाऊ, तुमच्या चार सऱ्यांवरून सगळ्या महाराष्ट्राला शिकवताय का? बरोबर प्रश्न आहे. चार सऱ्या म्हणजे पुरावा नाही, इशारा आहे. माती वेगळी, पाणी वेगळं, जात वेगळी. म्हणून माझंही डोळे झाकून ऐकू नका. एकच करा. ह्या हंगामात छाटणी करायची असेल तर करा, पण प्लॉटच्या मधल्या दोन सऱ्या, कडेच्या नाही, तशाच सोडा. काठीला चिंधी बांधून खूण करा. तोडा झाला की त्या दोन सऱ्यांची क्रेट वेगळी मोजा. खराब वेगळा, चांगला वेगळा. वहीत लिहा. मी जे तेवीस हजार देऊन शिकलो ते तुम्हाला दोन सऱ्यांत शिकता येईल.

आणि एक शेवटचं. ह्या वर्षी लागण झाल्यावर मी मावशींना सांगितलं, "सरीत काय काढायचं, काय ठेवायचं, ते आधी तुम्ही बघा, मग मला सांगा." मावशी हसल्या आणि म्हणाल्या, "गेल्या साली सांगितलं व्हतं की." मला उत्तर नव्हतं. ज्यांचा हात तीस वर्षं झाडात आहे त्यांचं ऐकायला मला तेवीस हजार रुपये लागले.

तुमच्याकडं कोणती जात आहे आणि तिचा शेंडा थांबतो का नाही, ते खाली लिहा. ज्याला माहीत नसेल त्यानं आज संध्याकाळी सरीत जाऊन दोन झुपक्यांमधली पानं मोजावीत आणि मग लिहावं. माझं काही चुकलं असेल तर तेही बिनधास्त सांगा, पण हिशोबासकट.

राम राम.